कानात खळ्यांचं गाणं आणि कानाची काळजी



आपल्या गटांच्या बैठकांत बचतीचा हिशोब झाला, कर्जाचे हप्ते लिहून झाले की पुढच्या गप्पांत हल्ली एक विषय हमखास निघतो. घराघरात फोन आला, फोनबरोबर कानात घालायची वायर आली. दिवसभर शेत, गोठा, चूल, लेकरं. रात्री भांडी घासून झाली, दूध विरजलं, दाराला कडी लागली की बाई अंथरुणावर टेकते आणि कानात गाणं लावते. तेवढ्यात घरातलं कुणीतरी म्हणतं, “कान जातील तुझे.” दुसरं म्हणतं, “लेकरू रडलं तर कळायचं कसं?” आणि तिसरं विचारतं, “एवढं काय ऐकायचं असतं त्यात?”

हे तिन्ही प्रश्न टोमणे म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत. त्यांना नीट उत्तरं आहेत. म्हणून आजच्या भाषणात ती एकेक करून पाहू. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण ऐकण्यासारखं काही असेल तरच बाकीच्या काळजीला अर्थ आहे.

एवढं काय ऐकायचं असतं?

रेडिओवर गाणं लागण्याआधी निवेदिका तीन नावं सांगते. गीत कुणाचं, संगीत कुणाचं, गायलंय कुणी. यातलं गाणाऱ्याचं नाव आपल्या लक्षात राहतं. शब्द लिहिणाऱ्याचंही कधीकधी राहतं. मधलं नाव मात्र कानाआड जातं. ते नाव संगीतकाराचं असतं. कागदावरच्या शब्दांना चाल लावणारा, कुठला शब्द उचलायचा, कुठला हळूच ठेवायचा, कुठे थांबायचं, हे ठरवणारा माणूस तो. ओव्या म्हणणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. एकच ओवी एका गावात एका चालीवर म्हणतात, दुसऱ्या गावात दुसऱ्या. कितीतरी ठिकाणी त्या चालीला ‘गळा’ असाच शब्द आहे. गळा बदलला की त्याच ओवीचा भाव बदलतो.

आज एका संगीतकाराचं उदाहरण घेऊ, श्रीनिवास खळे यांचं. ३० एप्रिल १९२६ ला त्यांचा जन्म झाला आणि २ सप्टेंबर २०११ ला ते गेले. लहानपण बडोद्यात गेलं, पुढचं सगळं आयुष्य मुंबईत गाण्यांना चाली लावण्यात गेलं. २०१० साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्यांची चाल तुमच्या तोंडात नक्की आहे. शाळेत झेंडावंदनाला मुलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ म्हणतात ना? शब्द राजा बढे यांचे, आवाज शाहीर साबळे यांचा आणि चाल खळ्यांची. २०२३ साली हे आपलं राज्यगीत झालं.

आता गंमत बघा. ज्या माणसानं असं छाती फुगवून म्हणायचं गाणं बांधलं, त्यानंच लता मंगेशकरांकडून तुकोबांचे अभंग गाऊन घेतले, ‘अभंग तुकयाचे’ या नावानं. पंडित भीमसेन जोशींसाठी अभंगांना चाली त्यांनीच लावल्या. या दोघांना एकत्र आणून ‘रामश्याम गुणगान’ केलं ते त्यांनीच. मंगेश पाडगावकरांचं श्रावणावरचं लताबाईंनी गायलेलं गाणं त्यांचंच. ‘जिव्हाळा’ चित्रपटात गदिमांच्या शब्दांतून चिमण्यांना घरी बोलावणारी, ऐकताना पोटात कालवणारी चाल आहे, तीही त्यांचीच. एका माणसाच्या हातून शौर्य, भक्ती, पाऊस आणि आईची कासाविशी अशी चार तऱ्हेची गाणी झाली. एकामागून एक ऐकली की मगच ध्यानात येतं, की या सगळ्यांत काहीतरी सारखं आहे. एकाच सुगरणीच्या हातची भाजी आणि आमटी वेगळी असली तरी हात ओळखू येतो, तसं.

तो हात कसा ओळखायचा? खळ्यांची चाल पहिल्यांदा ऐकताना सोपी वाटते. आपल्यालाही म्हणता येईल असं वाटतं. म्हणायला गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला पाय घसरतो. आपण सरळ जाऊ म्हणतो आणि चाल हळूच वळण घेते. ते वळण उगाच घेतलेलं नसतं. तिथे शब्दाचा अर्थ वळलेला असतो. हे कळायला गाणं दोन-चारदा, मन लावून, शांत जागी ऐकावं लागतं. बाईला अशी शांत जागा दिवसा मिळत नाही. ती मिळते रात्री, सगळे निजल्यावर.

आणि ही काही आजची रीत नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटेच्या अंधारात जात्यावर बसायच्या. घरातली माणसं झोपलेली असायची. तेवढाच वेळ बाईचा स्वतःचा असायचा. त्या वेळात तिनं किती गाणं केलं याचा अंदाज घ्यायचा तर हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांचं काम आठवावं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या ओव्या १ लाखाहून जास्त भरतात. विजेची गिरणी आली, दळणाचे कष्ट गेले, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर बाईचा गाण्याचा वेळही गेला. रात्रीचा हेडफोन हा त्या हरवलेल्या वेळाचाच एक तुकडा परत आणतो. फरक एवढाच, की तेव्हा बाई स्वतः गायची, आता ऐकते.

फोनवर नुसतं लावलं तर काय बिघडलं?

काही बिघडत नाही, पण अर्धं गाणं ऐकूच येत नाही. याचं कारण साधं आहे. तबल्याचा डग्गा, पखवाज, ढोलकीची धुम, हे सगळे खालच्या पट्टीतले, जाड आवाज. जाड आवाज काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते. फोनमधला स्पीकर नखाएवढा. त्याला तेवढी हवा हलवता येत नाही. म्हणून फोनवर तबल्याची टकटक ऐकू येते आणि डग्ग्याची घुमक गायब होते. हेडफोन कानाच्या तोंडाशीच बसतो. मधे हवा अगदी थोडी असते, तेवढी तो सहज हलवतो. म्हणून पहिल्यांदा हेडफोन लावलेली बाई म्हणते, “अगं, या गाण्यात हे पण होतं?” होतंच. फोन सांगत नव्हता.

दुसरी गोष्ट बारीक आवाजांची. गाणारीनं दोन ओळींच्या मधे घेतलेला श्वास, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा आवाज, मागे सतत चाललेला तानपुरा, मधूनच वाजणारी टाळांची किणकिण. हे पंख्याच्या आणि टीव्हीच्या आवाजात बुडतं. रात्री हेडफोनवर वर येतं.

तिसरी गोष्ट डाव्या-उजव्या कानाची. आवाज कुठून आला हे आपल्याला कळतं, कारण तो एका कानात क्षणभर आधी पोचतो आणि त्या कानात जरा मोठा असतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू तो पकडतो. म्हणून तर पाठमोरं असतानाही गोठ्यात हंबरलेली गाय कुठल्या अंगाला आहे ते कळतं. नव्या ध्वनिमुद्रणात वाद्यं डाव्या-उजव्या बाजूला वाटून ठेवलेली असतात. त्याला स्टिरिओ म्हणतात. जुन्या काळात सगळा आवाज एकाच धारेत भरायचे, त्याला मोनो म्हणतात. मोनो गाणं हेडफोनवर लावलं की दोन्ही कानांत एकसारखं येतं आणि गाणारी अगदी आपल्या डोक्याच्या मधोमध बसून गाते आहे असं वाटतं. जुनी गाणी रात्री इतकी जवळची का वाटतात, त्याचं एक कारण हे.

कान जातील का?

आता दुसऱ्या काळजीकडे वळू. उत्तर असं आहे, की हेडफोननं कान जात नाहीत. मोठ्या आवाजानं जातात, आणि तो आवाज किती वेळ कानावर पडला यावर जातात.

कान आतून कसा चालतो ते बघू. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती कानाच्या नळीतून आत जाते आणि पडद्यावर आपटते. पडद्यामागे तीन इवलीशी हाडं आहेत. ती थरथर पुढे देतात. त्यांच्यापुढे शंखासारखी, सुमारे अडीच वेढे घेतलेली नळी आहे, तिच्यात पाणी असतं. त्या पाण्यात सूक्ष्म केसांसारखे तुरे असलेल्या पेशी उभ्या असतात, दर कानात साधारण १५ ते १६ हजार. पाणी हललं की हे तुरे हलतात आणि मेंदूला निरोप जातो.

शेतातल्या कोवळ्या रोपांवरून माणूस एकदा चालत गेला तर रोपं वाकतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहतात. रोज त्याच वाटेनं तुडवली तर मोडतात. तुऱ्यांचं तसंच आहे. डीजेसमोर तासभर उभं राहिल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, आत सूं आवाज येतो आणि सकाळपर्यंत ठीक होतो. हे वाकणं. पुन्हा पुन्हा तसं झालं की मोडणं. फरक असा, की शेतात नवं बी पेरता येतं. माणसाच्या कानात मोडलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

आधी मोडतात त्या बारीक, उंच आवाज ऐकणाऱ्या पेशी. म्हणून ऐकू कमी येऊ लागलेल्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण बोलणं कळत नाही. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं निसटतात. लेकराचं आणि बाईचं बोलणं आधी हरवतं. घरच्यांना वाटतं, सासूबाई मुद्दाम दुर्लक्ष करतात. त्या दुर्लक्ष करत नसतात, त्यांना शब्दच पुरा पोचलेला नसतो.

किती आवाज चालतो?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. कुजबुज सुमारे ३० डेसिबल, नेहमीचं बोलणं ६० च्या आसपास. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज ८५ च्या घरात पोचला असं ढोबळ मानाने समजावं. पिठाच्या गिरणीत, मळणी यंत्राजवळ आपण असंच बोलतो. लग्नातला डीजे १०० च्या पुढे सहज जातो.

जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी हिशोब दिला आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. लहान मुलांसाठी ७५ डेसिबल, ४० तास. हा हिशोब कर्जाच्या व्याजासारखा आहे, वर जाताना फार पटकन वाढतो. दर ३ डेसिबल वाढले की परवडणारा वेळ निम्म्यावर येतो. म्हणजे ८५ डेसिबलला आठवड्याचे साडेबारा तास. ९० ला ४ तास. ९५ ला सव्वा तास. आणि १०० डेसिबलला आख्ख्या आठवड्यात फक्त २० मिनिटं.

आता आपला रात्रीचा अर्धा तास या मापात घालून बघा. रोज अर्धा तास म्हणजे आठवड्याला साडेतीन तास. आवाज बेताचा, ८० च्या आत असेल, तर ४० तासांपैकी साडेतीन. काळजीचं कारण नाही. तोच अर्धा तास १०० डेसिबलनं ऐकला, तर आठवड्याचा सगळा वाटा सोमवारच्या पहिल्या २० मिनिटांतच संपला. उरलेले सहा दिवस उधारीवर. आणि बेताच्या आवाजातच पण वायर कानात ठेवून झोपी गेलात, गाणी रात्रभर चालू राहिली, तर रोजचे ७ तास धरून आठवड्याचे ४९ तास होतात. म्हणजे ८० डेसिबललासुद्धा मर्यादा ओलांडली. शिवाय गिरणी, मिक्सर, मळणी, वरात हे सगळं याच खात्यातून वजा होतं. ज्या दिवशी मळणी यंत्रावर काम केलं, त्या रात्री कानाला सुट्टी द्यावी.

रात्र इथे आपल्या बाजूची आहे, हेही लक्षात घ्या. एसटीत बसून गाणं ऐकणाऱ्याला इंजिनाच्या आवाजावर मात करावी लागते, म्हणून तो आवाज वाढवत नेतो. रात्री घर शांत असतं. तिथे फोनची पट्टी अगदी खाली ठेवली तरी सगळं ऐकू येतं. म्हणून दिवसा ऐकण्यापेक्षा रात्री हळू ऐकणं कानाला मानवतं.

आवाज बेताचा ठेवायच्या चार खुणा सांगते.

पहिली, फोनवरची आवाजाची पट्टी ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका. म्हणजे निम्म्याहून थोडी वर, तेवढीच. रात्री तर निम्म्याच्याही खाली भागतं.

दुसरी, सुरुवातीलाच आवाज ठरवा आणि मग वाढवू नका. कान आवाजाला सरावतो. पंधरा मिनिटांनी तोच आवाज कमी वाटायला लागतो आणि बोट आपोआप वाढवायच्या बटणावर जातं.

तिसरी, हातभर अंतरावरून कुणी नेहमीच्या आवाजात हाक मारली तर ती ऐकू आली पाहिजे.

चौथी, शेजारी निजलेल्या माणसाला तुमच्या कानातलं गाणं ऐकू येत असेल तर ते मोठं आहे.

लेकरू रडलं तर?

ही काळजी खरी आहे. घरात तान्हं मूल असेल, आजारी माणूस असेल, गाय व्यायला टेकली असेल, तर दोन्ही कान बंद करून चालत नाही. मग बायका एकाच कानात वायर घालतात. ते ठीक आहे, पण त्यात दोन खोच आहेत.

एक, गाणं स्टिरिओ असेल तर एका कानात निम्मीच वाद्यं येतात. कधी पेटी ऐकू येते पण तबला नाही. यावर उपाय फोनमध्येच आहे. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ किंवा ‘सुलभता’ असा भाग असतो. त्यात ऐकण्याबद्दलच्या पर्यायांत ‘मोनो ऑडिओ’ असं बटण असतं. ते चालू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होतो आणि एका कानात सगळं गाणं मिळतं. बटण सापडलं नाही तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा, तिला दोन मिनिटं लागतील.

दुसरी खोच अशी, की दोन कानांनी ऐकलेला आवाज एका कानापेक्षा मोठा वाटतो. म्हणून एका कानानं ऐकताना आपण नकळत आवाज वाढवतो आणि सगळा भार त्या एकाच कानावर पडतो. तेव्हा आवाज वाढवू नका, आणि एक दिवस डावा, एक दिवस उजवा असा कान बदला.

पण मैत्रिणींनो, याला आणखी एक उत्तर आहे आणि ते फोनच्या सेटिंगमध्ये मिळत नाही. घरातल्या माणसानं तासभर टीव्ही लावला तर ती करमणूक. बाईनं अर्धा तास कानात गाणं लावलं तर ते दुर्लक्ष. असं का? लेकरू दोघांचं आहे. “दहा ते साडेदहा मी गाणी ऐकणार आहे. तेवढा वेळ बाळाकडे तुम्ही बघा,” एवढं एक वाक्य घरात बोलून ठेवता येतं. पहिल्या दिवशी हसतील. आठ दिवसांनी सवय होईल. गटात ज्यांनी घरी असं ठरवलं असेल त्यांनी बाकीच्यांना सांगावं, म्हणजे दुसरीलाही बोलायचं बळ येईल.

झोप आणि सुरक्षितता

गाणं ऐकत झोप लागते, हे खरं आहे. संथ, हळू चालीचं गाणं मन निवांत करतं. पण दोन गोष्टी सांभाळा. गाणं लावलं की फोन पालथा ठेवा. पडद्याचा उजेड आणि एकामागून एक येणारे व्हिडिओ झोप घालवतात, दोष मात्र गाण्याला येतो. आणि गाणी ठरल्या वेळी आपोआप बंद होतील असं करा. बऱ्याच ॲपमध्ये त्यासाठी ‘स्लीप टायमर’ असतो. तो ३० मिनिटांवर ठेवा. टायमर नसेल तर मोजून पाच-सहा गाणी लावा.

फोन चार्जिंगला लावलेला असताना हेडफोन कानात घालू नका. चार्जर खराब असेल किंवा वीज अचानक वाढली, तर वायरमधून करंट थेट कानापर्यंत येऊ शकतो. फोन उशीखाली ठेवून झोपू नका, तो तापतो. लांब वायर गळ्याभोवती येणार नाही असं बघा, आणि झोपण्याआधी ती काढून तान्ह्या मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

कानात आत बसणारी बोंडं एकमेकींना देऊ नका. टिकलीसारखीच तीही ज्याची त्यानं वापरावी. आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. कान वाहत असेल, ठणकत असेल तर बरा होईपर्यंत हेडफोन नकोच. कानातला मळ हा कानाचा पहारेकरी आहे, तो आपोआप बाहेर येतो. तो काढायला पिन, काडी, चावी घालू नका. गरम तेल किंवा लसणीचं तेल कानात सोडू नका. पडद्याला भोक असेल तर ते तेल आत जाऊन दुखणं वाढवतं.

काही खुणा दिसल्या तर थांबू नका. कानात सतत शीं किंवा सूं आवाज येणं. गर्दीत बोलणं न कळणं. टीव्हीचा आवाज घरातल्या बाकीच्यांना मोठा वाटणं. समोरच्याला वारंवार “काय म्हणालात?” विचारावं लागणं. असं होत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात कानाच्या तपासणीसाठी पाठवतात. बहिरेपणा रोखण्यासाठी आपल्या देशात राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात कानाची तपासणी आणि उपचार येतात. आणि एका कानानं अचानक, एका दिवसात ऐकू येईनासं झालं तर ते तातडीचं समजा. एक-दोन दिवसांत उपचार सुरू झाले तर कान वाचण्याची शक्यता जास्त असते. “मळ बसला असेल” म्हणून आठवडा घालवू नका.

गाणी मिळवायची कशी?

लिहिता येत नसेल तरी अडत नाही. फोनवर शोधायच्या जागी माइकचं चिन्ह असतं. ते दाबून मराठीतच बोला, “श्रीनिवास खळे यांची गाणी.” नुसतं गायिकेचं नाव घेतलं तर हजार गाणी येतात. संगीतकाराचं नाव घेतलं की एका हातची गाणी समोर येतात. इंटरनेटचा खर्च वाचवायचा असेल तर व्हिडिओ न बघता नुसता ऑडिओ ऐका. साध्या दर्जाचा ऑडिओ तासाला सुमारे ६० एमबी खातो, व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट. आणि ज्यांच्या फोनमध्ये एफएम रेडिओ आहे त्यांच्यासाठी एक माहिती. बहुतेक फोनमध्ये हेडफोनची वायर हीच रेडिओची एरियल असते. म्हणून आपलं केंद्र ऐकायला वायरवाला हेडफोन लागतो, बिनवायरच्यावर ते लागत नाही. वायर जोडून फोनच्या स्पीकरवर ऐकायची सोय बऱ्याच फोनमध्ये असते, म्हणजे सगळ्यांना मिळून ऐकता येतं.

आता पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. या आठवड्यात खळ्यांचं एकच गाणं निवडा आणि तीन रात्री ऐका. पहिल्या रात्री फक्त शब्द ऐका. दुसऱ्या रात्री शब्द सोडून द्या आणि फक्त तबल्याच्या मागे जा, डग्गा कुठे घुमतो, कुठे गप्प होतो ते बघा. तिसऱ्या रात्री दोन ओळींमधली जागा ऐका, जिथे कुणी गात नाही. मग बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं, चाल कुठे वळली आणि तिथे शब्द कोणता होता. सगळ्यांचं उत्तर एकच येणार नाही, यायला पाहिजे असंही नाही.

आणि ज्यांच्या आजी, आत्याबाई, सासूबाई अजून ओव्या म्हणतात, त्यांनी एका सकाळी त्यांच्याजवळ बसून फोनवर त्या भरून घ्या. त्यांची परवानगी घेऊन, त्यांचं नाव सांगून. रात्री हेडफोनवर ऐका. मधल्या श्वासासकट, बांगड्यांच्या आवाजासकट. मग ठरवा, तुमच्या आवडत्या संगीतकारांच्या यादीत खळ्यांच्या शेजारी आणखी कुणाचं नाव लिहायचं ते.